पाण्यातल्या झाडांचा नंबर

लेक प्रशिक्षणाला गेली मंगळवारी आणि तिच्या माशांच्या टाकीवरचा दिवा गेला शनिवारी. पहिल्या जाण्याला सगळ्या घराचा हातभार लागला होता. दुसऱ्याला एकट्या नंबरकाकांचा.

नंबरकाका हे नाव त्यांना धंद्याने दिलं होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि इमारतीतल्या चौतीस बिऱ्हाडांपैकी एकोणतीस बिऱ्हाडांच्या डोळ्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. जिन्यात कोणी भेटलं की ते आधी चष्म्याकडे बघत, मग माणसाकडे. "उजवी काडी सैल झालीय, येऊन जा," एवढं बोलून पुढे जात. माणूस बरा आहे की आजारी, ही चौकशी काडीनंतर. उजेड, सावली, काच आणि आरसा या चार विषयांवर इमारतीत पहिलं बोलायचा मान आपला, अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत होती. तिला धक्का देण्याची वेळ आजवर कोणावर आली नव्हती, कारण उजेडाबद्दल त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या समोर, लेकीची चार फुटी टाकी होती. आत बोटाच्या पेराएवढे सत्तावीस मासे होते खरे, पण मासे हे नुसतं निमित्त. तिचा जीव होता पाण्याखालच्या बागेवर. तळाशी गवताची गादी, मागे उंच झाडं, मध्ये एका ओंडक्यावर शेवाळाचा मऊ गालिचा आणि उजव्या कोपऱ्यात लाल पानांचं एक झुडूप. हे झुडूप तिने एका काडीपासून वाढवलं होतं. तीन वर्षं ती त्या बागेत चिमट्याने रोपं लावत होती आणि कात्रीने पानं छाटत होती. स्वतःचे केस विंचरायला जिला सकाळी वेळ मिळत नसे, ती गवत मात्र एका उंचीत कापत असे.

जाताना तिने फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला होता. खाणं किती, पाणी कधी बदलायचं, असं सगळं. अकरावी सूचना लाल शाईत होती : 'बाबा, काच पुसायचा मोह आवरा.'

बाबांनी तो चार दिवस आवरला. हे चार दिवस त्यांना कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत. आयुष्यभर काचेवरचा डाग दिसला की ज्याचा हात आपसूक खिशातल्या मऊ फडक्याकडे जातो, त्या माणसासमोर दिव्याच्या काचेवर पाण्याचे वाळलेले शिंतोडे रोज संध्याकाळी उजळून दिसत होते. शनिवारी त्यांनी प्लग काढला (तेवढा शहाणपणा त्यांच्याकडे होता), टाकीचं झाकण बाजूला सारून दिवा उचलला, फडकं फिरवलं, काच लखलखीत केली आणि अशा लखलखीत काचेवरून बोट घसरावं तसं घसरून दिवा डुबुक्कन पाण्यात गेला. सत्तावीस मासे कोपऱ्यात जमले. काकांनी दिवा बाहेर काढला, पुसला, केस वाळवायच्या यंत्राने अर्धा तास वाळवला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. फट् असा आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास सुटला.

काकू पोस्टातून आल्या. त्या तीस वर्षं काउंटरवर बसत होत्या. रांगेतल्या माणसाचा चेहरा बघून त्याचा कुठला कागद कमी आहे हे त्या ओळखत. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं.

"काय फोडलंत?"

"फोडलं नाही. बंद पडलंय."

"तिला कळवा."

"कळवू ना. आधी नवा बसवू, मग कळवू."

"म्हणजे लपवू."

"लपवायचं कशाला? योग्य वेळी सांगू. पोरगी नव्या जागी गेलीय, तिला कशाला घोर?" असं म्हणून काकांनी विषय आणि दिवा दोन्ही कपाटात टाकले.

दुसऱ्या दिवशी ही बातमी खालच्या मजल्यावरच्या इंजिनियरसाहेबांना लागली. हे गृहस्थ वीज मंडळातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांच्यातली सगळी वीज सल्ल्यांच्या रूपाने बाहेर पडत असे. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली, काचेवर टिचकी मारली आणि निकाल दिला.

"झाडाला काय कळतंय हो? उजेड तो उजेड. टेबललॅम्प लावा, मोकळे व्हा."

काकांनी टेबललॅम्प लावला. आठवड्याभरात सगळी बाग डावीकडे, लॅम्पच्या दिशेला, कलली. पाण्यात वारा सुटावा तशी. उजव्या कोपऱ्यातल्या लाल झुडपाला उजेड पोचेना, त्याची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. काका रोज सकाळी ती पानं चिमट्याने काढत आणि काकूंना दिसू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात नेत.

"मग ऊन द्या," इंजिनियरसाहेब म्हणाले. सल्ला फसला की ते कधी खट्टू होत नसत. पुढचा सल्ला तयार असे. "उन्हासारखा दिवा नाही. टाकी खिडकीत न्या."

पाणी, वाळू, दगड मिळून टाकीचं वजन चार माणसांएवढं होतं. ती हलणं शक्य नव्हतं. पण त्या रात्री जेवताना काकांचा हात घासासकट थांबला. टाकी उन्हाकडे जात नसेल, तर ऊन टाकीकडे का येऊ नये? आरसा म्हणजे शेवटी आपला प्रांत!

रविवारी सकाळी दुकानातला उभा आरसा गॅलरीत आला. दुसरा, लहान, चपलांच्या कपाटावर बसला. काकांनी कागदावर कोन काढले, पेन्सिल कानावर खोचली, आरसा दोन बोटं डावीकडे सरकवला, आणि गॅलरीतलं ऊन बैठकीची खोली ओलांडून थेट लाल झुडपावर जाऊन पडलं. झुडूप पेटल्यासारखं दिसलं. काकूसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आल्या. काकांच्या आयुष्यातली ही एक मोठी अकरा मिनिटं होती.

बाराव्या मिनिटाला ऊन झुडपावरून उतरून सोफ्यावर आलं. सूर्य जागेवर राहत नाही ही गोष्ट काकांना शाळेपासून माहीत होती. ती आपल्या बाबतीतही लागू होईल असं मात्र वाटलं नव्हतं. तेव्हा ते स्वतः टाकीपाशी थांबले आणि गॅलरीत आरसा फिरवायला इंजिनियरसाहेबांना उभं केलं.

"जरा उजवीकडे!" आतून काका ओरडले.

"कुणाच्या उजवीकडे?" बाहेरून साहेब.

"आरशाच्या!"

आरशाला उजवं कुठलं आणि डावं कुठलं हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. साहेबांनी आपल्या मताप्रमाणे उत्तर शोधलं. आरसा गर्रकन फिरला आणि उन्हाचा तो लखलखता पट्टा अंगण ओलांडून समोरच्या गॅलरीत गेला. तिथे इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी बनियनवर दाढी करत उभे होते.

पाच मिनिटांत ते दारात हजर झाले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, आणि हनुवटीवर लाल रेघ.

"हा काय प्रकार आहे? मला दिसायचं बंद झालं होतं!"

आता इथे एखाद्या व्यवहारी माणसाने माफी मागितली असती. पण काकांची नजर सवयीने सेक्रेटरींच्या डोळ्यांवर गेली होती. "डावा डोळा जरा जास्तच पाणावतोय," ते मनापासून म्हणाले. "एकदा येऊन जा दुकानात."

त्या दिवसापासून सेक्रेटरी नंबरकाकांच्या खिडकीकडे लक्ष ठेवून राहिले.

मग काका निमूटपणे माशांच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं होतं. पन्नाशीच्या, बाह्या वर सारलेल्या, एक हात कोपरापर्यंत टाकीत. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. ते पाहून काकांचा हात खिशातल्या पेचकसाकडे गेला, पण ते गिऱ्हाईक म्हणून आले होते, तेव्हा तो तसाच परत आला.

"झाडांच्या टाकीसाठी दिवा हवाय."

"पाणी किती खोल?" बाईंनी विचारलं. "झाडं कोणती? झाकण आहे? खोलीत ऊन येतं? रोज किती तास लावणार?"

काका थबकले. दुकानात प्रश्न विचारायची सवय त्यांना होती, उत्तरं द्यायची नव्हती. "असं आहे बाई," ते छाती किंचित पुढे काढून म्हणाले, "उजेडाचं म्हणाल तर माझी सारी हयात त्यात गेलीय."

"हो का? दिवाबत्ती खात्यात होता?"

"चष्म्याचं दुकान आहे माझं."

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्या 'अच्छा'त आदर किती आणि दुसरं काय किती, हे काकांना दुकान ते घर या अख्ख्या वाटेवर ठरवता आलं नाही. बाईंनी एक साधा पांढरा दिवा पुढे केला होता. पण काकांनी वाचून ठेवलं होतं की पानं खातात तो उजेड लाल आणि निळा. हिरवा ती परत फेकतात. मग पांढऱ्यातला हिरवा फुकट का घालवा? शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. त्यांनी नुसता लाल-निळा, 'खास वनस्पतींसाठी' असा दिवा मागितला. बाईंनी "घरात लावणार आहात ना?" एवढं एकदा विचारलं आणि पुडकं बांधलं.

संध्याकाळी बटण दाबलं आणि बैठकीची खोली जांभळी झाली. टाकी जांभळी, भिंती जांभळ्या, पडदे, पंखा, काकू... सगळं जांभळं. निवडायला घेतलेली पालेभाजी काळी दिसायला लागली. काकू स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत राहिल्या.

"मी आजारी दिसतेय का हो?"

"झाडांना हाच उजेड लागतो."

"झाडांना लागतो. माणसांनी कुठे राहायचं?" असं म्हणून त्या भाजी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि पुढचा पंधरवडा तिथेच राहिल्या.

खिडकीतून तो जांभळा उजेड अंगणभर पसरत असे. तिसऱ्या दिवशी जिन्यात दोन बायकांनी काकूंना अडवून विचारलं, "पार्लर काढलंत म्हणे? आम्हाला सांगितलंही नाही!" काकूंनी नाही म्हटलं. त्यावर त्या दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की नाही म्हणण्यात अर्थ उरला नाही. सेक्रेटरींनीही ते ऐकलं. त्यांनी एक अर्ज लिहिला आणि पालिकेत स्वतः नेऊन दिला.

आठवड्याने निरीक्षक आले. काखेत फाइल, चेहऱ्यावर सरकारी थकवा. दारात उभे राहून त्यांनी जांभळ्या खोलीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"राहत्या जागेत विनापरवाना सौंदर्यगृह चालवता, अशी तक्रार आहे."

"मी?" काकांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "माझ्याकडे बघून तुम्हाला तसं वाटतं?"

"माझ्या वाटण्याला फॉर्मात रकाना नाही," निरीक्षक म्हणाले आणि सोफ्यावर बसून लिहायला लागले. "आत एकूण किती जण?"

"सत्तावीस. पण ते मासे आहेत."

निरीक्षकांनी टाकीकडे नीट पाहिलं. लेखणी बंद केली. सगळा उलगडा झाल्यावर ते मोकळेपणाने हसलेही, चहा प्यायले, लाल झुडूप उतरलेलं दिसतंय असंही म्हणाले. पण उठायचं नाव घेईनात.

"अडचण अशी आहे," ते म्हणाले, "की तक्रार निकालात काढायला माझ्याकडे दोनच शेरे आहेत. एक, 'परवाना घेतला.' दोन, 'व्यवसाय बंद केला.' तिसरा नाही."

"मग 'व्यवसाय नव्हताच' असं लिहा की!"

"तसं लिहिलं तर तक्रार खोटी ठरते. तक्रार खोटी ठरली की तिची चौकशी लागते. चौकशीला तुम्हाला तीनदा यावं लागेल. मला चारदा."

"अहो, पण जे सुरूच झालं नाही ते बंद कसं करणार?"

काका तत्त्वासाठी उभे राहिले. आवाज चढला. बोट वर गेलं. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी फॉर्म हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि काउंटरवरच्या आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्या शेऱ्यापुढे सही करा. तारीख आजची. इथे पूर्ण नाव."

आणि अशा रीतीने नंबरकाकांनी कधीही न काढलेलं पार्लर कायमचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या त्याच दोघी भेटल्या आणि हळहळल्या : "चाललं नाही वाटतं? जाऊ द्या. या धंद्यात फार स्पर्धा आहे."

जांभळा दिवा उतरला. दुखावलेल्या माणसाने करू नये ते काकांनी केलं : मोठं पाऊल उचललं. इतके दिवस सगळं फसलं ते उजेड कमी पडल्याने, असा निष्कर्ष काढून त्यांनी पांढऱ्यात सगळ्यात जबरदस्त दिवा आणला. इंजिनियरसाहेबांनी, "लावायचाच तर दिवसाचे चौदा तास लावा, हयगय नको," असा पाठिंबा दिला. खोलीत इतका लख्ख उजेड पडला की पाहुणे चष्मा काढून डोळे चोळत आणि काका त्यांना दुकानाचा पत्ता देत.

पाच दिवस बाग हसली. सहाव्या दिवशी काचेवर हिरवा ओशटपणा दिसला. आठव्या दिवशी गवतावर केस उगवले. अकराव्या दिवशी पाणीच हिरवं झालं, दाट, रंग कालवल्यासारखं. बाग गेली, ओंडका गेला. आत सत्तावीस मासे आहेत हे आता केवळ विश्वासावर मानायचं होतं. अधूनमधून एखादं शेपूट काचेपाशी येऊन जाई, तेवढाच पुरावा.

आणि रविवारी लेकीचा फोन. तोंड दाखवत बोलायचा.

"बाबा, टाकी दाखवा ना! किती दिवस तुम्ही नुसती भिंत दाखवताय."

काकांनी फोन छातीशी धरला आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. त्या खोटं बोलत नसत आणि कोणाला बोलूही देत नसत. पण मध्ये पडायची त्यांची वेळ असे आणि ती अजून आली नव्हती.

"पाणी बदलतोय," काका म्हणाले. "आज जरा... गढूळ आहे."

"बरं. लाल झुडूप कसं आहे?"

"आहे," काका म्हणाले. गेल्या काही दिवसांत ते त्यांना दिसलंच नव्हतं.

फोन झाल्यावर ते बराच वेळ टाकीसमोर बसून राहिले. हिरव्या काचेत त्यांना फक्त आपला चेहरा दिसत होता. लहानपणी हीच पोर दुकानात येऊन काउंटरखाली बसायची आणि जुन्या भिंगांतून मुंग्या बघायची. एवढी तीन वर्षांची मेहनत तिने आपल्या हाती सोपवली. आणि आपण काय केलं? प्रत्येक वेळी आपलंच डोकं चालवलं.

सोमवारी दुपारी दुकान लवकर बंद करून ते पुन्हा त्या बाईंकडे गेले. या वेळी छाती पुढे नव्हती. पहिल्या पडलेल्या दिव्यापासून बंद केलेल्या पार्लरपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. बाई ऐकता ऐकता एका स्टुलावर बसल्या. पार्लरपाशी त्यांना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला.

"आता मला काही कळत नाही," काका म्हणाले. "तुम्हीच सांगा."

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कोणी आलं आणि म्हणालं, सगळ्यात जास्त नंबरचा चष्मा द्या, म्हणजे सगळ्यात छान दिसेल, तर?"

काकांनी खिशातून कागद-पेन्सिल काढली आणि ते लिहून घ्यायला बसले.

"दिवा चांगलाय तुमचा. नवा घेऊ नका. फक्त उंच टांगा, झाकण काढा, सहा तासांच्या वर लावू नका. तीन दिवस टाकीवर चादर घालून पूर्ण अंधार करा, हिरवं मरेल. मग अर्धं पाणी बदला. आणि घाई करू नका."

काकांनी मान डोलावली. निघताना मात्र त्यांच्यातला कारागीर उफाळून आला. "द्या इकडे तो चष्मा," ते म्हणाले, आणि दोरा कापून खिशातल्या बारक्या पेचकसाने काडी तिथल्या तिथे बसवून दिली. बाईंनी चष्मा डोळ्यांना लावला आणि इकडेतिकडे बघितलं. "अय्या, माझं दुकान सरळ आहे की!"

तीन दिवस टाकी चादरीखाली होती. घरात आजारी माणूस असल्यासारखे सगळे हळू बोलत होते. चौथ्या दिवशी चादर निघाली, पाणी बदललं, आणि धुक्यातून गाव दिसावं तशी बाग हळूहळू दिसायला लागली. काकूंनी मासे मोजले. दोनदा मोजले. सत्तावीस. लाल झुडपाचे तीन दांडे उरले होते आणि एकाच्या शेंड्याला नखाएवढं पान होतं.

प्रश्न राहिला दिवा टांगायचा. छताला भोक पाडायचं तर समितीची परवानगी लागणार, आणि समिती म्हणजे सेक्रेटरी. काका खोलीभर येरझाऱ्या घालत असताना काकू मागच्या गॅलरीत गेल्या आणि हाक मारली. तिथे छताला कपडे वाळत घालायची दांडी होती, दोरी ओढली की वर जाणारी, सोडली की खाली येणारी.

"ही काढा आणि टाकीवर लावा. बैठकीतल्या छताला झोपाळ्याच्या जुन्या कड्या आहेतच."

"मग कपडे?"

"ते बघू. कपड्यांना वाळायला कुठल्याही रंगाचा उजेड चालतो."

दांडी लागली, दिव्याला दोऱ्या बांधल्या, आणि मग काका खऱ्या अर्थाने आपल्या धंद्यावर आले. दोरी हातात धरून ते दिवा चार बोटं वर घेत, दोन दिवस थांबत, पानं बघत, मग दोन बोटं खाली आणत. काकूंना स्वयंपाकघरात त्यांचा आवाज ऐकू येई. तोच, दुकानातला, मऊ आणि धीराचा :

"आता कसं वाटतंय? आधीचं बरं की हे? घाई नाही. नीट बघून सांगा."

पाण्यातल्या पेशंटांनी सांगायला तीन आठवडे घेतले. मग एका दुपारी काकू सुट्टी असल्याने घरी होत्या, त्यांनी दुकानात फोन केला आणि फक्त "या" म्हणाल्या. काका धापा टाकत आले. सगळ्या पानांवर बारीक बुडबुडे चमकत होते, मोत्यांसारखे, आणि एकेक सुटून सरळ वर जात होता. लाल झुडपाला सहा नवी पानं होती, आणि ती खरोखर लाल होती. काका आणि काकू सोफ्यावर शेजारी बसले आणि तासभर बघत राहिले. मागच्या कित्येक वर्षांत त्यांनी असं एकत्र बसून काही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आठवड्याने टाकीतल्या सगळ्यात मोठ्या झाडाने, तलवारीच्या पात्यांसारखी पानं असलेल्या, एक लांब दांडा वर काढला. झाकण नव्हतंच, दांडा पाण्यातून बाहेर आला, दिव्याकडे निघाला. इंजिनियरसाहेब म्हणाले, छाटा. बाई फोनवर म्हणाल्या, खबरदार. दांड्याला कळ्या आल्या आणि एका सकाळी पहिली उमलली. तीन पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका. ती एकच दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी दुसरी.

बातमी जिन्यातून पसरली. लोक यायला लागले. जिन्यातल्या दोघी आल्या. निरीक्षक, त्या बाजूने चाललो होतो असं सांगून, बायकोला घेऊन आले. शेवटी सेक्रेटरीही आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून घेऊन आले. आईने फूल पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "तू याच घराची तक्रार केली होतीस का रे?" सेक्रेटरींनी छताकडे बघत, दांडी फार छान बसवलीय, असं म्हटलं. इंजिनियरसाहेब दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की सगळी योजना त्यांचीच. फक्त अंमलबजावणी वरच्यांची.

अशा ऐन बहरात लेकीचा फोन आला. प्रशिक्षण संपलं होतं. नोकरी तिथेच पक्की झाली होती, खोली मिळाली होती. "शनिवारी येते, बाबा. टेम्पो सांगितलाय. टाकी घेऊनच जाईन."

"वा!" काका म्हणाले. "छानच झालं." आणि फोन ठेवून दोरीपाशी जाऊन उभे राहिले. दिवा आहे तिथेच ठीक होता. तरी त्यांनी तो उगीच एक बोट वर घेतला आणि पुन्हा खाली आणला.

शुक्रवारभर त्यांनी कबुलीजबाब पाठ केला. कपाटातला जळका दिवा पुसून टेबलावर ठेवला, पुरावा म्हणून. शनिवारी लेक आली. खांद्यावर बॅग, पायात चपला तशाच.

"हे बघ, बसून घे," काकांनी सुरुवात केली. "तू गेलीस त्याच आठवड्यात, शनिवारी माझ्या हातून..."

पण ती बसली नाही. ती त्यांच्या बाजूने सरळ टाकीपाशी गेली. दांड्यावर त्या दिवशी दोन फुलं उमलली होती. तिने नाक फुलाजवळ नेलं, मग दिव्याकडे पाहिलं, दोऱ्यांकडे, दांडीकडे आणि दांडीच्या टोकाला वाळत असलेल्या वडिलांच्या मोज्यांकडे.

"बाबा, तुम्ही झाकण काढलंत?"

"काढलं. पण आधी माझं ऐकून घे, तुझा दिवा मी..."

"मासे बाहेर उडी मारतील या भीतीने तीन वर्षं मला ते काढायचं धाडस झालं नाही," ती म्हणाली. "या झाडाला फूल येतं हे मी फक्त वाचलं होतं."

मग बसून तिने सगळं ऐकलं, अगदी पार्लरसकट. ती इतकी हसली की खालून टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला तो कोणाला ऐकू गेला नाही. तिसऱ्यांदा दिला तेव्हा ती डोळे पुसत खिडकीशी गेली. परत वळून तिने टाकीकडे पाहिलं. मग वडिलांकडे. ते नकळत दोरी धरून उभे होते, कोणी ती हिसकावून नेईल की काय असे.

ती खिडकीतून वाकली. "दादा, माफ करा. टाकी न्यायची नाहीये."

"अगं, पण तुझी..." काका म्हणाले.

"दांडा आलाय, बाबा. आता हलवली तर कोमेजेल. राहू दे इथेच. मी येत जाईन बघायला."

काकांनी खिशातलं फडकं काढलं. या वेळी ते टाकीच्या काचेला लागलं नाही; त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि तो जरुरीपेक्षा बराच वेळ पुसला.

"ये की," चष्मा लावत ते म्हणाले. "पण आधी कळवून ये. रविवारी फार गर्दी असते."